छोट्या होडीत फायबरचा हलका कप्पा कसा बनवतात? समजून घ्या वजनाचं, रेझिनचं आणि तरंगण्याचं गणित

कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या काठावर गेलात, तर ओढून ठेवलेल्या फायबरच्या छोट्या होड्या दिसतील. त्यातल्या एखाद्या होडीत डोकावून बघा. पाण्याचा कॅन एका कोपऱ्यात, दोरीचं वेटोळं दुसऱ्या कोपऱ्यात, पान्हे गोणपाटाच्या पिशवीत आणि मोबाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून फळीखाली सरकवलेला. समुद्र शांत असतो तोवर ठीक. पण एक मोठी लाट बाजूने आली की हे सगळं सामान घसरतं. आणि ते घसरतं त्याच बाजूला, जिकडे होडी आधीच कललेली असते.

यावर उपाय काय? होडीत एक कप्पा बसवायचा. झाकण असलेला, पाणी आत न घेणारा, जागेवर घट्ट बसलेला. होडी फायबरची असेल तर कप्पाही फायबरचा करणं सगळ्यात सोयीचं. तो होडीला एकजीव जोडता येतो, गंजत नाही, कुजत नाही.

पण पहिल्यांदा असा कप्पा करणारे बहुतेक लोक एकच चूक करतात. ‘मजबूत व्हायला हवा’ म्हणून भरपूर रेझिन ओततात. कप्पा जड होतो, मजबूत मात्र होत नाही. असं का होतं आणि योग्य पद्धत काय, हे या लेखात टप्प्याटप्प्याने बघू.

आधी बघू, फायबर म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला बोलताना फायबर म्हणतो, त्यात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे काचेचे केसासारखे बारीक धागे. दुसरी म्हणजे ते धागे एकमेकांना धरून ठेवणारं रेझिन. होड्या, पाण्याच्या टाक्या, बसच्या सीट, देखाव्यांचे सांगाडे, सगळीकडे हीच जोडी असते.

ताण सोसण्याचं काम काच करते. रेझिन हा फक्त गोंद. सिमेंटच्या स्लॅबमध्ये ओढ सोसायला लोखंडी सळ्या असतात, तसंच काहीसं. सळ्या तेवढ्याच ठेवून सिमेंट दुप्पट टाकलं तर स्लॅब जड होईल, पण सळ्यांचं काम सिमेंट करणार नाही. फायबरमध्येही जास्तीचं रेझिन फक्त वजन वाढवतं. वर ते एकटं असेल तिथे ठिसूळ असतं, धक्का बसला की तडकतं.

म्हणून कारागिराचं पहिलं सूत्र असं: हलकेपणा काच कमी करून आणायचा नाही, जास्तीचं रेझिन काढून आणायचा.

बाजारात काच मुख्यतः दोन रूपांत मिळते. एक मॅट, म्हणजे आडवेतिडवे तुकडे चिकटवून केलेली चादर. दुसरी रोव्हिंग, म्हणजे कापडासारखी उभी-आडवी विणलेली जाड काच. मॅटवर ३००, ४५० किंवा ६०० असे आकडे असतात. तो आकडा म्हणजे एक चौरस मीटर मॅटचं ग्रॅममधलं वजन. छोट्या कप्प्यासाठी ४५० ची मॅट सोयीची. तिचा एक थर वाळल्यावर साधारण एक मिलिमीटर जाडीचा होतो.

सात किलोचा हिशोब

समजा आपल्याला ९० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर खोल कप्पा करायचा आहे. तळ, चार बाजू, झाकण आणि तोंडाभोवतीची कड धरून साधारण दोन चौरस मीटर पृष्ठभाग होतो.

४५० ची मॅट, दोन थर. म्हणजे काच झाली १.८ किलो. मॅटला तिच्या वजनाच्या साधारण सव्वादोन पट रेझिन लागतं. म्हणजे रेझिन झालं चार किलोच्या आसपास. आतल्या बाजूचा रंगीत गुळगुळीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो एक किलोभर. एकूण सात किलो.

आता हाच कप्पा दुसऱ्या कशाचा केला तर?

– १२ मिलिमीटरचा प्लायवुड वापरला तर नुसत्या लाकडाचं वजन १४ किलोच्या आसपास. पट्ट्या, स्क्रू आणि रंग वेगळे.
– ९ मिलिमीटरचा प्लायवुड घेतला तरी ११ किलोच्या आसपास. आणि एकदा कड उघडी पडली की तो पाणी पिऊन आणखी जड होतो.
– दीड मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा वापरला तर २३ ते २४ किलो. खाऱ्या पाण्यात गंज ठरलेला.

आणि फायबरचाच कप्पा, पण काचेच्या चौपट रेझिन ओतून केला तर? तो होतो दहा किलोचा. म्हणजे तीन किलो वजन वाढलं आणि बदल्यात काहीच मिळालं नाही.

पाच-सात किलोंनी काय फरक पडतो, असं वाटू शकतं. १६ फुटी होडीत ५० किलो वजन चढलं की ती साधारण एक सेंटीमीटर खाली बसते. म्हणजे पाच किलोंनी होडी बुडणार नाही, हे खरं. पण होडीत अशी एकच वस्तू नसते. फळ्या, टाकी, बॅटरी, कप्पा, नांगर, प्रत्येकात थोडं थोडं जास्तीचं वजन धरलं की बघता बघता ४०-५० किलो होतात. तेवढ्या वजनात आणखी एक माणूस किंवा दोन मोठे पाण्याचे कॅन मावले असते. शिवाय रोज संध्याकाळी होडी वाळूवर ओढणाऱ्याला विचारा, त्याला एकेक किलोचा हिशोब माहीत असतो.

साचा: कप्पा उलटा करून बनवतात

कप्पा बनवायचा तर आधी साचा लागतो. एकच कप्पा करायचा असेल तर सोपी पद्धत अशी. कप्प्याच्या आतल्या मापाचा एक खोका प्लायवुडचा बनवायचा, वर सनमायका लावायचा आणि तो सनमायका लावलेल्याच एका मोठ्या फळीवर पालथा ठेवायचा. फायबर या खोक्याच्या बाहेरून चढवायचं.

याचे दोन फायदे. साच्याला टेकलेली बाजू गुळगुळीत येते, म्हणजे कप्पा सरळ केल्यावर आतून गुळगुळीत, पुसायला सोपा. बाहेरची बाजू खरबरीत राहते आणि होडीला चिकटवायला तीच बरी. शिवाय खालच्या फळीवर चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर मॅट पसरली की कप्प्याच्या तोंडाला आपोआप सपाट कड तयार होते. या कडेवरच पुढे झाकण बसणार आहे.

साच्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, उतार. रेझिन वाळताना थोडं आकसतं आणि साच्याला घट्ट आवळून बसतं. साच्याच्या बाजू अगदी सरळ उभ्या असतील तर कप्पा निघत नाही. म्हणून तळाकडे साचा थोडा निमुळता ठेवतात. ४० सेंटीमीटर खोलीला प्रत्येक बाजूने दोन सेंटीमीटर पुरेसे. बादली एकात एक का बसते आणि सहज का निघते, ते आठवा.

दुसरी गोष्ट, गोलाई. काचेचे धागे काटकोनात वळत नाहीत. ते कोपऱ्यावरून उचलले जातात आणि खाली हवा अडकते. वरून ठीक दिसतं, पण बोटाने दाबलं की तिथलं कवच अंड्यासारखं फुटतं. त्यामुळे बाहेरचे कोपरे घासून गोल करायचे. खोका आणि फळी मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात मुलांची खेळायची प्लास्टिसिन माती भरून गोलाई द्यायची. निदान एक सेंटीमीटरची तरी.

तिसरी गोष्ट, मेण. साच्यावर मेणाचं पॉलिश तीन-चार वेळा लावून घासायचं आणि त्यावर पीव्हीए नावाचं सुटं करणारं द्रव फिरवायचं. ते वाळून पातळ पापुद्रा होतो. हा टप्पा गाळला तर साचा आणि कप्पा कायमचे एकमेकांचे होतात.

सगळ्यात धोकादायक टप्पा: दोन बाटल्या

हा भाग घाईत वाचू नका.

आपल्याकडे दुकानात पॉलिएस्टर रेझिन घेतलं की सोबत बहुतेक वेळा दोन छोट्या बाटल्या मिळतात. एकात जांभळट निळं द्रव असतं, ते कोबाल्ट. दुसऱ्यात पाण्यासारखं स्वच्छ द्रव असतं, तो हार्डनर. हार्डनरमुळे रेझिन घट्ट होतं आणि कोबाल्टमुळे ती क्रिया वेगाने होते.

या दोन बाटल्यांतली द्रवं थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत. तसं झालं तर आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून नीट ढवळायचं. ते पूर्ण मिसळलं की मगच हार्डनर. दोन्हींसाठी वेगळी मापं, वेगळे चमचे. बाटल्याही एकाच खोक्यात ठेवायच्या नाहीत. काही रेझिनमध्ये कोबाल्ट कारखान्यातच मिसळलेलं असतं, तेव्हा विकत घेताना विचारून घ्या.

हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. म्हणजे एक किलोला १० ते २० ग्रॅम. कडक उन्हाळ्यात एक टक्क्याच्या जवळ राहायचं. कोबाल्टचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, तेच पाळायचं.

एकावेळी अर्धा किलोच रेझिन कालवा. हार्डनर पडल्यावर हातात साधारण १५-२० मिनिटं असतात. डब्यात जास्त रेझिन उरलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं, प्लास्टिकचा डबा वितळवतं. उरलेलं रेझिन पसरट भांड्यात उघड्यावर पातळ पसरून ठेवायचं.

आणि डोळे. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी नजर कायमची जाऊ शकते. चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला गॉगल घाला. चुकून थेंब गेलाच तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टर गाठायचा.

कोविडच्या काळातला एन-९५ मास्क इथे अर्धवटच कामाचा आहे. तो घासताना उडणारी काचेची धूळ अडवतो, रेझिनचा उग्र वास मात्र अडवत नाही. तो वास स्टायरिनचा असतो. त्यासाठी रासायनिक वाफा शोषणारा, डबी लावलेला मास्क लागतो. काम उघड्या शेडमध्ये करायचं. हात धुवायला वापरतात तो ॲसिटोन पेट्रोलसारखा पेट घेतो, त्यामुळे जवळपास विडी, शेगडी, वेल्डिंग काही नको.

थर चढवायचे कसे?

हवामान कोरडं हवं. कोकणात भर पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं. मॅट ओलावा धरते, रेझिन नीट पकडत नाही आणि थर पांढुरके राहतात.

सगळ्यात आधी साच्यावर ब्रशने जेलकोट लावायचा. तो बोटाला चिकट लागेल पण बोटाला लागून येणार नाही, इतका सुकू द्यायचा. मग मॅटची पाळी.

मॅट आधीच मापाने कापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या वजनकाट्यावर ठेवा. काच ९०० ग्रॅम भरली तर रेझिन दोन किलो. बस. एवढी एक सवय लावली तरी कप्प्याचं निम्मं जास्तीचं वजन वाचतं, कारण मग अंदाजाने ओतायचा प्रश्नच येत नाही.

आधी पृष्ठभागावर थोडं रेझिन फिरवायचं, त्यावर मॅट ठेवायची आणि ब्रशने टोचत टोचत भिजवायची. ब्रश रंग दिल्यासारखा ओढला तर धागे सरकतात. मॅट भिजली की ती पांढरी न राहता पारदर्शक होते. मग खाचा असलेला धातूचा छोटा रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची.

थर बरोबर बसला का, हे डोळ्यांनी कळतं. पांढरे डाग दिसले तर तिथे काच कोरडी आहे. चकाकणारी डबकी दिसली तर तिथे रेझिन जास्त आहे, ते ब्रशने कोरड्या जागी ओढून घ्यायचं. मॅटचे धागे वरून किंचित जाणवत असतील तर काम उत्तम.

दुसरा थर त्याच दिवशी चढवावा. कोपऱ्यांवर आणि तोंडाच्या कडेवर तिसऱ्या थराची पट्टी द्यावी. बाकी सगळीकडे तिसरा थर देण्याची गरज नाही. लांब बाजू दोन मिलिमीटर जाडीच्या आणि सपाट असल्यामुळे दाबल्यावर लवतात. पण त्यावर उपाय आणखी थर हा नाही. बाहेरून फोमची एक अरुंद पट्टी आडवी ठेवून तिच्यावर मॅटचा एक थर चढवला की बाजू ताठ होते. खर्च अर्ध्या किलोहून कमी.

पॉलिएस्टर रेझिन हवेला उघडं राहिलं की वरून चिकट राहतं. म्हणून शेवटचा हात मेण मिसळलेल्या टॉपकोटचा देतात. पण होडीला जिथे चिकटवायचं आहे तिथे टॉपकोट लावायचा नाही, मेणावर काहीच नीट चिकटत नाही.

झाकण: इथे सँडविच लागतं

होडीत झाकणावर कुणी ना कुणी बसणार, उभंही राहणार. दोन मिलिमीटरचं झाकण माणसाच्या वजनाने वाकेल. मग सहा थर द्यायचे का? नाही.

कुठल्याही सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. याचा फायदा असा घेतात: खाली फायबरचे दोन थर, मध्ये एक सेंटीमीटर जाडीचा हलका कडक फोम आणि वर पुन्हा फायबरचा थर. जाडी वाढली, वजन जेमतेम एक किलो वाढलं. यालाच सँडविच म्हणतात. हलक्या बोटींचे डेक याच तत्त्वावर करतात.

मध्ये घालायला थर्माकोल चालेल का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. पॉलिएस्टर रेझिनसोबत नाही. त्यातलं स्टायरिन थर्माकोलला विरघळवतं. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. पीव्हीसी किंवा पीयू फोम घ्यावा. बिजागरी आणि कडी जिथे बसणार तिथे मात्र फोमऐवजी घट्ट लाकडाचा तुकडा किंवा फायबरचे जास्तीचे थर द्यावेत, नाहीतर स्क्रू फोममधून उपटून येतो.

झाकणाचा आकार जेवणाच्या डब्यासारखा ठेवायचा. म्हणजे त्याची कड कप्प्याच्या कडेबाहेरून दोन-तीन सेंटीमीटर खाली उतरलेली. वरून पडलेलं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. दोन्हींच्या मध्ये रबराची पट्टी आणि झाकण आवळून धरणाऱ्या निदान दोन कड्या. बिजागरी, कड्या, स्क्रू सगळं ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं. साधं स्टील खाऱ्या हवेत एका हंगामात तांबूस होतं.

कप्पा ठेवायचा कुठे?

छोट्या होडीत इंजिन मागे असतं आणि ते चालवणाराही मागेच बसतो. त्यामुळे वजन आधीच मागे झुकलेलं. कप्पा मधल्या भागाच्या थोडा पुढे घेतला तर तोल साधतो. पण अगदी पुढच्या टोकाला, नाळेत, जड सामान भरलं तर होडी लाटेवर चढण्याऐवजी लाटेत घुसते.

दुसरी गोष्ट, कप्पा जितका खाली तितका बरा. वजन वर गेलं की होडी जास्त डोलते.

मात्र तळाला अगदी टेकवून चिकटवायचा नाही. होडीत थोडं पाणी येणारच. ते मागे वाहून यायला वाट हवी, नाहीतर कप्प्यापुढे डबकं साचतं. म्हणून खाली दोन पट्ट्या देऊन कप्पा दोन-तीन सेंटीमीटर उचलून घ्यायचा. पट्ट्यांची दिशा होडीच्या लांबीची.

आता चिकटवणं. जुन्या होडीच्या फायबरमध्ये मीठ, डिझेल आणि माशांचा तेलकटपणा मुरलेला असतो. गोड्या पाण्याने धुवून होडी काही दिवस शेडमध्ये पूर्ण सुकवा. मग जिथे जोड यायचा तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि जेलकोट घासून काढा, आतली काच दिसेपर्यंत. ॲसिटोनने पुसा. कोपऱ्यात रेझिन आणि पावडरची लापशी भरून गोलाई द्या आणि त्यावर मॅटच्या दोन पट्ट्या, पहिली १० सेंटीमीटर रुंद, दुसरी १५. या जोडाचं वजन आणखी एक ते दीड किलो. म्हणजे बाजूच्या पट्ट्या आणि मजबूत झाकणासकट बसवलेला कप्पा साधारण दहा किलोंत होतो. नुसत्या प्लायवुडच्या पेटीपेक्षा तरी हलका.

हीच जोडणी इपॉक्सीने केली तर पकड आणखी चांगली मिळते. पण नेहमीची मॅट इपॉक्सीसोबत नीट भिजत नाही, तिथे विणलेलं काचेचं कापड लागतं. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर नीट बसत नाही, त्यामुळे क्रम उलटा करू नका.

होडी प्रवासी वाहतुकीसाठी नोंदवलेली असेल तर असा बदल करण्याआधी नोंदणी करणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावं.

कप्पा म्हणजे तरंगण्याची सोय नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

लाकडी होडी पाण्याने भरली तरी लाकूड स्वतः तरंगतं. कडेपर्यंत बुडालेल्या अशा होडीला धरून माणसं मदतीची वाट बघू शकतात. फायबरचं तसं नाही. ते पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतं. आत बंद हवा नसेल तर पाण्याने भरलेली फायबरची होडी इंजिनासकट तळाला जाते. लाकडाकडून फायबरकडे वळताना आपण देखभालीचा त्रास वाचवला, पण ही एक सोय गमावली.

अमेरिकेत ‘बॉस्टन व्हेलर’ कंपनीने १९५८ साली फोम भरलेली १३ फुटी फायबरची बोट बाजारात आणली. १९६१ साली ‘लाइफ’ मासिकात तिचे फोटो छापून आले. कंपनीचे संस्थापक डिक फिशर बोटीत बसलेले आणि बोट मधोमध करवतीने कापली जात होती. कापलेले दोन्ही तुकडे तरंगत राहिले. कारण फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम होता. पुढे अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान असलेल्या बहुतेक मोटरबोटींना नियमच झाला, की पाण्याने भरली तरी बोट तरंगत राहिली पाहिजे.

मग आपला कप्पा काय करतो? त्याचं आकारमान १६२ लिटर. झाकण घट्ट बंद असेल तर तो बुडताना १६२ किलो पाणी बाजूला सारतो. कप्प्याचं आणि आतल्या सामानाचं वजन ५० किलो धरलं तरी ११० किलोंचा आधार उरतो.

ऐकायला छान आहे, पण त्यावर विसंबायचं नाही. होडी उलटते तेव्हा कप्पा उघडा असू शकतो. दोरी काढायला कुणीतरी नुकताच उघडलेला असू शकतो. उघड्या कप्प्याचा आधार शून्य.

म्हणून तरंगण्याची सोय वेगळी करावी लागते, कायमची बंद. हिशोब असा: २०० किलोच्या फायबरच्या होडीचं पाण्याखालचं वजन साधारण ६७ किलो भरतं. ४० किलोचं इंजिन धरलं तर नुसती होडी वर राहायलाच १०७ लिटर बंद हवा किंवा फोम लागतो. धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्याहून जास्त. फळ्यांखालची आणि दोन्ही टोकांची रिकामी जागा बंद करून तिथे फोम भरता येतो. कप्पा करायला घेतलाच आहे, साचा आणि रेझिन हाताशी आहे, तर हे कामही त्याच वेळी उरकणं शहाणपणाचं.

आत काय ठेवायचं आणि काय नाही?

ठेवायचं: प्रथमोपचार पेटी, टॉर्च, पान्हे, स्पार्क प्लग, पिण्याचं पाणी, कागदपत्रं आणि मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये.

नाही ठेवायचं: पेट्रोल आणि गॅस. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद कप्प्याच्या तळाशी साचते. झाकण उघडताना एक ठिणगी पुरते. बॅटरीही बंद कप्प्यात नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पाणी उपसायचा डबा कप्प्यात नको, तो दोरीने बांधून हाताशी हवा. आणि लाइफ जॅकेट ही कप्प्यात ठेवण्याची वस्तूच नाही. होडी उलटायला काही सेकंद लागतात, कडी उघडायला तेवढेही मिळत नाहीत. ते किनारा सोडण्याआधीच अंगात हवं.

कप्पा तयार झाला की एक साधी परीक्षा घ्या. आत जुनं वर्तमानपत्र पसरा, झाकण आवळा आणि वरून बादलीने पाणी ओता, पाच मिनिटं, चारही बाजूंनी. मग झाकण उघडून कागद हातात घ्या. कोरडा असेल तर होडी पाण्यात घाला. ओला असेल तर ज्या कोपऱ्यात कागद भिजलाय, त्याच कोपऱ्यात दुरुस्ती आहे.